बाप्तिस्म्यांचे आकडे आणि बेसबॉलचा संघ

मॉर्मन या अमेरिकेत उगम पावलेल्या ख्रिस्ती पंथाच्या प्रचारकांना दर बाप्तिस्म्यामागे (पाण्यात बुडवून पंथात घेण्याच्या विधीमागे) पैसे मिळतात, असे काही जण म्हणतात, ते मला पटले नाही. मुलगे दोन वर्षे आणि मुली दीड वर्ष बहुधा स्वतःच्या किंवा घरच्यांच्या खर्चानेच परमुलखात राहतात, साधारण सकाळी साडेसहाला उठतात, रात्री साडेदहाला दिवे मालवतात आणि नेमून दिलेल्या सहप्रचारकाला सोडून कुठेही एकटे जात नाहीत. 2019च्या फेब्रुवारीपर्यंत तर घरी फोन करण्याची मुभा वर्षातून जेमतेम दोनदा, नाताळला आणि मातृदिनाला, असे.

पैसा नसला तरी आकड्यांचा हव्यास मात्र होता आणि त्याचे ठळक उदाहरण इंग्लंडमधले आहे. 1960च्या आसपास तिथल्या प्रचारकांनी शाळकरी मुलांना बेसबॉल खेळायला बोलावले आणि संघात यायचे तर बाप्तिस्मा घ्यावा लागेल, असे सांगून अनेकांना पाण्यात उतरवले. (क्रिकेटच्या मायदेशात हे आमिष चालावे, याचे मला अजून नवल वाटते.) एरवी हा विधी फार काटेकोर असतो: पांढऱ्या कपड्यांतली व्यक्ती पूर्ण बुडावी लागते, दोन साक्षीदार काठावरून पाहत असतात, आणि पायाचे एखादे बोट जरी वर राहिले तरी पुन्हा बुडी मारावी लागते. त्या पोरांपैकी कित्येकांना मात्र आपण कोणत्या पंथात आलो हेच ठाऊक नव्हते. 1962 मध्ये मॅरियन हँक्स तिथल्या प्रचारकार्याचे प्रमुख झाल्यावर या प्रकाराला आळा बसला, आणि पुढे अशी बरीच नावे सभासदांच्या नोंदींतून काढावी लागली.