मदत हवी आहे : जुन्या पेट्रोल जीपवर घरीच डिझेल इंजिन चढवायचंय (पाटण, जि. सातारा)

कोयनाकाठ :

नमस्कार मंडळी. घरच्या जीपवर डिझेल इंजिन चढवायचा विचार जवळजवळ पक्का झालाय. इसार द्यायच्या आधी जाणत्यांना विचारून घ्यावं म्हणून हा धागा.

गाडी १९७४ ची सीजे३बी, म्हणजे महिंद्राची जुनी जीप. फोर व्हील ड्राइव्ह, मूळचं २१९९ सीसीचं हरिकेन पेट्रोल इंजिन, तीन गिअरचा टी-९० गिअरबॉक्स, त्याच्या मागे पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटून देणारा डॅना १८ ट्रान्सफर केस. वडिलांच्या हातची गाडी, आता माझ्या नावावर. आरसीची मुदत पुढच्या वर्षी संपतेय. पाटणच्या वरच्या अंगाला पठारावर आमचं रान आहे. वाटेत मुरमाचा चढ, दोन ओढे आणि पावसाळ्यात घोटाभर तांबडा राडा. ट्रॅक्टर जातो, पिकअप जात नाही. अधूनमधून सडावाघापूरवरून तारळ्याला उतरतो, तेवढाच काय तो तिचा लांबचा प्रवास.

दुखणं असं की बया पेट्रोल पिते. सपाटीला लिटरमागे सात-आठ, रानाच्या चढाला विचारूच नका. त्यात अलीकडे ओढही गेलीय. जो चढ दुसऱ्यात जायची तिथं आता पहिला लागतो, आणि पहिल्याला सिंक्रो नसल्यामुळे गाडी उभी केल्याशिवाय तो पडत नाही.

कराडला एका भंगारवाल्याकडे एक्सडी३पी डिझेल इंजिन आहे, २४९८ सीसीचं, महिंद्राच्या आर्माडातून काढलेलं. चालू करून दाखवलं. हीटर दिल्यावर पहिल्या सेल्फला लागलं, थोडा निळसर धूर होता तोही गरम झाल्यावर गेला. सोबत पाच गिअरचा बीए-१० गिअरबॉक्स. इंजिन, गिअरबॉक्स, सेल्फ, अल्टरनेटर, रेडिएटर सगळं एकदम देतो म्हणतोय. दसऱ्यापर्यंत थांबायला तयार आहे.

घरी शेड आहे, चेनब्लॉक आहे, वेल्डिंग मशीन आहे, मेहुणा आयटीआयचा फिटर आहे. उंचीची काळजी नाही, कारण हरिकेनचं हेडच उंच, म्हणून सीजे३बीचं बोनेट मुळात उंच केलेलं. लांबीचं मात्र कळेना. टी-९० ठेवून इंजिन आणि गिअरबॉक्स जोडायला मधे अडाप्टर प्लेट करावी, की बीए-१० सकट बसवावं? एक्सलमधल्या क्राउन-पिनियनचं गुणोत्तर ५.३८ आहे, डिझेलला ते चालेल का? आणि नवशिके हमखास काय विसरतात तेही सांगा. कुणी स्वतः केलं असेल तर फारच बरं.

लेथवाला_कुपवाड :

पहिलं भंगारवाल्याला विचारा की ती आर्माडा फोर व्हील होती का. बहुतेक नसणार. टू व्हीलवाल्या बीए-१० च्या शेपटीला ट्रान्सफर केस बसायला जागाच नसते, म्हणजे तो डबा तुमच्या कामाचा नाही. तुमचा डॅना १८ टी-९० च्याच मागे बसणार आणि पुढच्या एक्सलला जाणारा शाफ्ट त्याच्यातूनच निघणार. म्हणून तुमच्यापुढे खरा रस्ता एकच : इंजिन एक्सडी३पी, गिअरबॉक्स टी-९०, मधे प्लेट.

प्लेट करायला अवघड नाही. पण ‘चार भोकं जुळली, बसलं’ म्हणून कुणी दिली तर घेऊ नका. क्रँकचा मध्य आणि गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचा मध्य एका रेषेत यावा लागतो. त्यासाठी फ्लायव्हीलवर डायल गेज लावायचा, क्रँक हातानं फिरवायचा आणि बेल हाउसिंगच्या मधल्या भोकाच्या कडेवर काटा किती हलतो ते बघायचं. पूर्ण फेरीत पाच थाउ, म्हणजे साधारण ०.१३ मिमी, याच्या आत हवं. जास्त आलं तर आज काही कळणार नाही. पुढे तिसऱ्या गिअरमधून गाडी आपोआप बाहेर पडायला लागते, पायलट बेअरिंग रडतं, क्लच प्लेटचा मधला हब सुटतो, आणि माणूस गिअरबॉक्सला शिव्या देत बसतो. प्लेट पक्की झाली की डॉवेल पिना मारून घ्या. नुसत्या बोल्टच्या भरवशावर मध्य राहत नाही.

क्लच प्लेट : बाहेरचा व्यास एक्सडी३पीच्या फ्लायव्हीलचा, मधला हब टी-९० चा, १० स्प्लाइनचा. असा हब बदलून देणारे मिरजेत आहेत, कोल्हापुरात आहेत. बदलल्यावर प्लेट बॅलन्स केली का, ते विचारा.

आठवा_पाटा :

लेथवाले बरोबर सांगतायत. मी खालचं बोलतो.

तुमच्या जीपचा पुढचा डिफरन्शियल मधोमध नाही, उजव्या अंगाला आहे. इंजिनचं संप, म्हणजे खालची तेलाची टाकी, त्याच्या डोक्यावर येणार. गाडी उभी असताना चार बोटं जागा दिसते आणि माणूस खूश होतो. ओढ्यातल्या दगडावर चाक आपटलं की तीच चार बोटं शून्य होतात. मोजायची युक्ती अशी : इंजिन फाउंडेशनवर, म्हणजे ते बसतं त्या आधारांवर, नुसतं टेकवा, पक्कं करू नका. कणकेचा एक गोळा डिफरन्शियलवर ठेवा. जॅकनं एक्सल रबरी स्टॉपला टेकेपर्यंत वर घ्या, मग खाली सोडा. कणीक किती जाडीची राहिली ते पट्टीनं बघा. बोटाच्या पेरापेक्षा कमी असेल तर संप कापून पुन्हा करावं लागेल, किंवा इंजिन मागे-वर सरकवावं लागेल. इंजिन वर घेतलंत तर प्रोपेलर शाफ्टचे कोन बदलतात, तेही त्याच वेळी बघा.

डिझेल जास्त हादरतं. फाउंडेशन रबरावरच घ्या, आणि ब्रॅकेट चासीच्या कडेला उभा शिवू नका. चासीच्या वरच्या आणि खालच्या पट्टीवर आडवं वेल्डिंग केलं की तिथूनच तडा जातो. बाजूच्या पोटावर प्लेट लावून तिच्यावर ब्रॅकेट घ्या. पुढच्या कमानपाट्यांत एक पाटा वाढवावा लागेल. आधी वाढवू नका, इंजिन बसल्यावर गाडी किती बसते ते बघून ठरवा.

आणि चेनब्लॉक शेडच्या पत्र्याच्या कैचीला अडकवणार असाल तर माझा स्पष्ट विरोध. लोखंडी पाइपची तिपाई करा.

ओढाताण :

नवशिके काय विसरतात :

वायपर. जुन्या जीपला व्हॅक्यूमवर चालणारे असतात. डिझेलच्या मॅनिफोल्डला व्हॅक्यूम नसतो, त्यामुळे पहिल्या पावसात हात बाहेर काढून काच पुसावी लागते. इलेक्ट्रिक मोटर घाला.

डिझेलची परतीची नळी. पेट्रोलच्या टाकीला ती नसते. नोझलमधून उरलेलं डिझेल परत टाकीत जायला हवं. तुमची टाकी ड्रायव्हरच्या सीटखाली आहे, तिला जोड देताना टाकी पूर्ण धुऊन, पाण्यानं भरून, मगच आगीजवळ न्या. रिकाम्या पेट्रोल टाकीवर वेल्डिंग म्हणजे बॉम्ब आहे, हे आयटीआयवाल्या मेहुण्यालाही परत एकदा सांगा.

इंजिन बंद करायची केबल. चावी काढली तरी जुनं डिझेल इंजिन चालतच राहतं. बॅटरी मोठी लागेल, आणि इंजिन ते चासी जाड अर्थिंगची पट्टी. ती नसली की सेल्फ घरघरतो आणि लोक बॅटरी बदलत बसतात.

५.३८ चं म्हणाल, तर ६.००-१६ च्या टायरवर साठच्या वेगाला इंजिन साधारण २४५० फिरेल. एक्सडी३पी चार हजारापर्यंत जातं, त्यामुळे त्याला हे झेपतं. सावकाश फिरणारं डीआय (डायरेक्ट इंजेक्शन) डिझेल इंजिन असतं तर सत्तरच्या पुढे तुम्हाला कान बंद करून बसावं लागलं असतं. तरी ४.८८ ची जोडी, म्हणजे आठ-एकोणचाळीस दाती, मिळाली तर साठला २२०० वर येईल. मात्र पुढचा आणि मागचा एक्सल दोन्ही एकदमच बदला. एकच बदलून फोर व्हील टाकलीत की ट्रान्सफर केस दोन्हीकडून पिळला जाईल.

आरसीबुक :

सगळे नटबोल्ट सांगतायत, कागद कुणीच नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ वाचा. उत्पादकानं दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही तेच सांगितलंय. तुमच्या आरसीवर इंधन पेट्रोल आणि हरिकेनचा इंजिन नंबर आहे. पुढच्या वर्षी नूतनीकरणाला गाडी नेलीत की निरीक्षक चासी आणि इंजिन दोन्ही नंबर बघणार. तिथं एक्सडी३पीचा नंबर आणि डिझेल टाकी दिसली की गाडी तिथंच अडकली समजा. त्याआधी कुठं धडक झाली तर विमा कंपनी पहिला प्रश्न हाच विचारेल.

‘आमच्याकडे सगळ्यांनी केलंय’ हे मला माहीत आहे. ज्यांनी पूर्वी बदलून आरसीवर डिझेल अशी नोंद करून घेतली ते सुटले. आज तुम्ही त्यांच्यात नाही. डिझेल जीपच हवी असेल तर आरसीवर आधीपासून डिझेल असलेली शोधा. जत-आटपाडीकडे अशा जीप अजून रानात उभ्या दिसतात. आरटीओत आधी लेखी विचारा, तोंडी ‘होऊन जाईल’वर जाऊ नका.

जुना_वडापवाला :

कोयनाकाठ भाऊ, मी उंब्रज-पाटण वडाप (शेअर प्रवासी जीप) चालवलंय, पेट्रोल जीपपण आणि डिझेलपण. एक सांगतो, राग मानू नका.

डिझेल म्हणजे ओढ जास्त, हे ह्या इंजिनांच्या बाबतीत खरं नाही. तुमचं हरिकेन नवं असताना ११४ फूट-पाउंड टॉर्क द्यायचं, म्हणजे १५५ न्यूटनमीटरच्या आसपास, तेही २००० आरपीएमलाच. एक्सडी३पी साधारण तेवढंच देतं. त्याच्या आधीचं २११२ सीसीचं एक्सडीपी तर १२० च्या आसपास. डिझेल जिंकतं ते इंधनाच्या खर्चात, ओढीत नाही. आणि तुमच्या गाडीत पहिला गिअर २.८०, ट्रान्सफरचा लो २.४६, एक्सल ५.३८ : गुणून बघा, ३७ येतात. ३७ पटीनं रानाचा चढ ओढत नसेल तर दोष इंजिनाच्या जातीत नाही, त्याच्या तब्येतीत आहे.

दोन वर्षांपूर्वी जो चढ दुसऱ्यात जात होता तो आता पहिल्यात जातोय, असं तुम्हीच लिहिलंय. मग दोन वर्षांपूर्वी हेच इंजिन होतं ना? कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, बघितलं का?

इंजिन गरम करा, चारही प्लग काढा, अॅक्सिलरेटर पूर्ण दाबून धरा, चोक उघडा ठेवा आणि प्रत्येक सिलिंडरला गेज लावून सेल्फ मारा. आकडे इथं टाका. जो कमी येईल त्यात चमचाभर इंजिन ऑइल सोडून परत घ्या. आकडा चढला तर रिंगा, हलला नाही तर व्हॉल्व्ह.

कोयनाकाठ :

सगळ्यांचे आभार. ‘दोन वर्षांपूर्वी’ असं मी लिहिलं नव्हतं, पण वडापवाल्या काकांचा अंदाज बरोबर आहे, साधारण तेवढंच झालंय.

भंगारवाल्याला फोन केला. आर्माडा टू व्हीलच होती, म्हणजे बीए-१० कटाप.

उंब्रजच्या एका गॅरेजमधून गेज आणला. एक, दोन आणि चार ११० च्या आसपास. तीन नंबर ६०. तेल सोडून परत घेतलं, ६५. म्हणजे व्हॉल्व्ह?

जुना_वडापवाला :

व्हॉल्व्हच, नाहीतर हेड गॅस्केट. तीनच्या शेजारचा एकही कमी नाही, म्हणून गॅस्केटची शक्यता मी मागे ठेवतो. ह्या इंजिनात इनटेक व्हॉल्व्ह हेडमध्ये आणि एक्झॉस्ट ब्लॉकमध्ये असतात. त्यामुळे नुसतं हेड काढून इनटेक लॅप करून (सीटवर घासून बसवून) परत लावलंत तर फुकटची मेहनत होईल, एक्झॉस्टही बघावाच लागतो. ब्लॉकच्या बाजूचं झाकण काढलं की टॅपेट (व्हॉल्व्ह उचलणारे दांडे) दिसतात. तीन नंबरच्या एक्झॉस्ट टॅपेटचा गॅप बहुतेक संपलेला असणार. गॅप संपला की व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही, गरम गॅस कडेनं निसटतो आणि कडा जळते. कडेला पाचर कापल्यासारखी खाच दिसली तर तो टाकून नवा घाला, नुसता घासून चालणार नाही.

जोडताना थंड इंजिनावर इनटेक १८ थाउ, एक्झॉस्ट १६ थाउ. हेड टॉर्क रेंचनंच आवळा, आणि थोडी चालवल्यावर परत एकदा बघा. त्याच दमात कार्ब्युरेटरची फ्लोट सुई बदला आणि डिस्ट्रिब्युटरचा शाफ्ट हातानं हलवून बघा. तो लुळा असेल तर टायमिंग कधीच जागेवर राहणार नाही आणि पेट्रोल जातच राहील.

लेथवाला_कुपवाड :

व्हॉल्व्हची सीट कापायची असेल तर ब्लॉक घेऊन या. इंजिन उतरवायची हौस तेवढी तरी भागेल.

कोयनाकाठ :

झाकण काढलं. तीन नंबरच्या एक्झॉस्टला १६ थाउची पट्टी सोडा, ४ ची पण आत जात नाही. बाकीच्या तिघांना जाते. हेड रविवारी उचलतो, व्हॉल्व्ह बघून फोटो टाकतो.

भंगारवाल्याला आत्ता इसार देत नाही असं कळवलं. मेहुणा थोडा नाराज आहे, त्यानं तिपाईसाठी पाइप कापून ठेवले होते. आरसीबुक, तुम्ही म्हणता तशी जीप जतजवळ एक ऐकिवात आहे. दिवाळीनंतर बघायला जाईन, पण ही विकून नाही.

आठवा_पाटा :

ते एक्सडी३पी अजून कराडलाच आहे का? माझ्या आरसीवर डिझेलच आहे, एक्सडी३पीच, आणि माझ्या ब्लॉकला तडा गेलाय. नंबर बदलाची नोंद मी आरटीओत करून घेईन. भाव काय सांगत होता ते व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.