शिडाच्या बोटीच्या डिझेल इंजिनाला कोणते तेल?
शिडाच्या बोटीतील छोट्या डिझेल इंजिनात मोटारीचे महागडे, पातळ सिंथेटिक तेल घालावे, हे या चर्चेत वर एकांनी सुचवलेले मला पटत नाही. रावेरकडे केळीच्या बागांना पाणी देणारी डिझेल इंजिने मी सांभाळतो, आणि त्या अनुभवावरून सांगतो की किमतीआधी डब्यावरची अक्षरे वाचावीत: एपीआयच्या (तेलाची प्रत ठरवणाऱ्या अमेरिकी संस्थेच्या) खुणेत ‘सी’ने सुरू होणारी श्रेणी डिझेलची, ‘एस’ने सुरू होणारी पेट्रोलची. इंजिनाच्या पुस्तिकेत १५डब्ल्यू-४० (हा तेलाच्या दाटपणाचा आकडा) लिहिले असेल, तर तेच घ्यावे.

बोटीचे खरे दुखणे मात्र वेगळे आहे. आमची इंजिने तासन्‌तास भारावर चालतात. बोटीचे इंजिन बंदराच्या धक्क्यावरून बाहेर पडण्यापुरते चालते, पुरते तापत नाही, त्यामुळे तेलात उतरलेला ओलावा उडून जात नाही आणि ज्वलनातून तयार झालेली आम्ले बेअरिंगे खात राहतात. म्हणून तेल बदलण्याचे ठरलेले तास भरले नसले, तरी वर्षातून एकदा, तेही बोट पावसाळ्यासाठी उभी करण्याआधी, इंजिन गरम करून तेल आणि फिल्टर दोन्ही बदलावेत. डिपस्टिकवर (तेल मोजायच्या पट्टीवर) तेल काळे दिसले, तर घाबरू नये, डिझेलमध्ये ते लवकरच काळे पडते. पण दुधाळ दिसले, तर नवे तेल ओतण्याआधी पाणी कुठून शिरते ते शोधलेच पाहिजे.