बाळाच्या पोटात गाठ: सीटी करावाच लागतो का?

लालबागची आई: लेक सात महिन्यांची. सारख्या उलट्या, म्हणून सोनोग्राफी केली. उजवीकडे खाली 3 सेंमीची पाण्याची गाठ. रिपोर्टमध्ये ‘डुप्लिकेशन सिस्ट’ आणि पुढे प्रश्नचिन्ह. सासरे म्हणतात, सीटी करून मोकळे व्हा. एवढ्याशा जिवाला रेडिएशन द्यायला मन धजत नाही.

सोनोग्राफीवाली डॉक्टर: ताई, घाई नको. गाठीच्या भिंतीबद्दल काय लिहिलंय? डुप्लिकेशन सिस्ट ही गाठ जन्मजात, बहुतेकदा लहान आतड्याच्या शेवटच्या भागाला चिकटलेली, आणि तिची भिंतही आतड्यासारखीच: आतून अस्तराची पांढरी रेघ, बाहेरून स्नायूंचा काळा पट्टा. लिनिअर प्रोब (सोनोग्राफीचा, त्वचेजवळचं बारीक दाखवणारा सपाट प्रोब) पोटावर ठेवून थोडं थांबलं की कधीकधी ती भिंत आकुंचन पावताना दिसते. तसं दिसलं की माझी शंका जवळजवळ फिटते. मेसेंटेरिक सिस्टची, म्हणजे आतड्याला धरून ठेवणाऱ्या पडद्यातल्या गाठीची, भिंत पातळ असते. मुलगी आहे, तेव्हा अंडाशयाची गाठ नाही ना, हेही बघायलाच हवं. तरी अडलं तर एमआरआय. त्यात रेडिएशन नाही, पण बाळाला औषधाने झोपवावं लागतं.

ठाणेकर बाबा: शीतून रक्त जातंय का? आमच्या मुलाच्या गाठीत जठराचं अस्तर होतं, त्यातल्या आम्लाने व्रण पडला. ते टेक्नेशियम स्कॅनमध्ये (जठराचं अस्तर कुठे आहे ते दाखवणाऱ्या तपासणीत) कळलं.

लालबागची आई: रक्त नाही. शुक्रवारी वाडिया हॉस्पिटलात मुलांच्या सर्जनना दाखवतेय.

सोनोग्राफीवाली डॉक्टर: फिल्म्स सोबत न्या, नुसता रिपोर्ट नको. मात्र हिरवी उलटी झाली, पोट फुगलं किंवा शीमध्ये रक्त दिसलं तर शुक्रवारची वाट बघू नका, रात्र असली तरी निघा. आतडं अडकलेलं असू शकतं.