६ × २ × २ फुटी फिशटँक: लाकडी स्टँड, खालचा संप आणि पाण्याचं नियोजन

शहापूर_ऑस्कर

नमस्कार मंडळी. ६ फूट लांब, २ फूट रुंद, २ फूट उंच, १२ मिमी काचेची टाकी करायची आहे. मासे: चार ऑस्कर. तीन गोष्टींवर मत हवंय.

१) एक सुतार म्हणतो सागवानाचे चार जाड पाय पुरे. दुसरा म्हणतो पाय नकोच, सगळा प्लायचा बॉक्स कर. कोणाचं ऐकू? स्टँडखाली संप (काचेची दुसरी छोटी टाकी) बसवायचा आहे, फिल्टर सगळा त्यातच.

२) तळमजल्यावर व्हरांडा आहे, पण घरच्यांना टाकी वरच्या हॉलमध्ये हवी. स्लॅब वीसेक वर्षांचा.

३) पाणी दोन प्रकारचं: कॉर्पोरेशनचं (काही दिवसांआड येतं, सिंटेक्समध्ये साठवतो) आणि घरची बोअर, टीडीएस ६२०. आरओ बसवून तेच पाणी टाकीला वापरलं तर चालेल का?

---

खानापूर_लाकूडकाम

आधी वजन मांडा, मग सुताराशी बोला. १२ मिमी काच चौरस मीटरला ३० किलो भरते. तुमच्या मापाला पट्ट्या धरून १३० किलो. वरून दीड-दोन इंच मोकळं सोडलं तर पाणी ५९० लिटर. वाळू-दगड ७० किलो धरा. म्हणजे स्टँडच्या वरच्या चौकटीवर ७९० किलो. संप आणि स्टँड मिळवून जमिनीवर जवळपास एक टन.

चार पायांचा सल्ला इथेच फसतो. टाकीच्या लांबीखालचा एकेक वासा ३९५ किलो पेलणार. ४ × २ चं सागवान रंधा मारल्यावर साडेतीन × पावणेदोन इंच उरतं. तो वासा उभा ठेवून फक्त दोन टोकांना टेकवला तर मध्ये साधारण एक सेंटीमीटर झोल येतो. माणसाला तो दिसणार नाही, पण काचेच्या तळाला आणि सिलिकॉनला नक्की कळेल. तोच वासा मध्ये एका पायावर टेकवला तर झोल अर्ध्या मिलिमीटरच्याही आत. म्हणून पाय सहा. आणि वासा आडवा टाकू देऊ नका, चौपट वाकतो.

मधल्या पायाला लोक शोभेचा समजून बारीक करतात. प्रत्यक्षात त्या बाजूच्या वजनाचा साठ टक्क्यांच्या पुढचा वाटा, म्हणजे अडीचशे किलो, त्याच्यावर येतो. तो इतर पायांएवढाच घ्या.

सर्वांत महत्त्वाचं: वासा पायाच्या डोक्यावर बसला पाहिजे. पायाच्या बाजूला वासा लावून चार स्क्रू मारले तर टाकीचं वजन लाकडावर न येता स्क्रूवर येतं. स्क्रूचं काम फक्त जागेवर धरून ठेवायचं.

लाकूड: सागवान परवडत असेल तर उत्तम, नाहीतर मत्ती (ऐन) चालते. मत्ती मजबूत, पण वाळताना चिरते आणि स्क्रू मारताना आधी भोक पाडलं नाही तर फाटते. पांढरा कच्चा भाग असलेली फळी घेऊ नका, वाळवी आणि भुंगा तिथूनच सुरू होतात. पावसाळ्यात कापलेलं ओलं लाकूड आणून लगेच चौकट जोडली तर मार्चमध्ये सांधे उघडतात. मध्ये पट्ट्या घालून छपराखाली दोन-तीन महिने रचून ठेवा, किंवा जुन्या घराचं उतरवलेलं सागवान मिळालं तर तेच घ्या. ते पूर्ण वाळलेलं असतं. फक्त खिळे काढल्याशिवाय रंध्याला देऊ नका.

माप: वरची चौकट ६ × २ फूट, मध्ये एक धरून तीन आडवे. खालची तशीच. सहा पाय २५ इंची. एकूण सुमारे ४८ फूट लांबीचं ४ × २, कापाकापीची घट धरून तीन घनफूट. पायाची रुंद बाजू समोर ठेवा, म्हणजे पायाची जाडी आणि वाशाची जाडी एक होते आणि वासा बरोबर डोक्यावर बसतो.

दुसरा सुतार अर्धा बरोबर आहे. प्लाय लागतोच, पण पायांच्या जागी नाही, पायांसोबत. मागच्या बाजूला १२ मिमीचा पूर्ण पत्ता गोंद लावून सहा-सहा इंचांवर स्क्रूने ठोका. तो नसेल तर धक्का लागल्यावर चौकट समांतरभुज चौकोनासारखी कलते. टाकी बहुतेक वेळा वजनाने पडत नाही, अशी कलून पडते. वर आणि खाली १९ मिमी, आयएस ७१० शिक्क्याचा मरीन प्लाय. ८ × ४ चा एक पत्ता लांबीत मधोमध चिरला की दोन्ही ६ × २ चे तुकडे निघतात आणि दोन बाजूंना २ × २ चे उरतात.

रंग जोडण्याआधी. प्लायच्या कापलेल्या कडा आधी, तीन हात. पाणी तिथून शिरतं, वरून नाही.

---

पाणसळ

वरच्यात भर. टाकीखाली १२ मिमी थर्माकोल घालतात ते बारीक उंचसखलपणासाठी. चौकटच पिळलेली असेल तर थर्माकोल काही करू शकत नाही. रिकाम्या स्टँडवर दोन्ही कर्णांत दोरी ताणून बघा, मध्ये दोऱ्या एकमेकींना नुसत्या टेकल्या पाहिजेत. फट दिसली तर पीळ आहे. मग चार इंच पाणी भरून चारही कोपऱ्यांत काठापासून पाण्यापर्यंतचं अंतर मोजा. दोन-तीन मिमीपेक्षा जास्त फरक असेल तर पाणी काढा आणि खालच्या चौकटीखाली पत्र्याचे तुकडे सरकवा. लाकडी पाचर नको, ओल धरून दबते. भरलेल्या टाकीखाली पाचर ठोकायची तर अजिबात नाही.

वरच्या हॉलबद्दल: राहत्या घराच्या स्लॅबला आयएस ८७५ प्रमाणे चौरस मीटरला २ किलोन्यूटन धरतात, म्हणजे चौरस फुटाला १९ किलोच्या आसपास. तुमची टाकी चौरस फुटाला ८० किलो टाकणार. म्हणून लगेच स्लॅब कोसळेल असं नाही, कारण भार थोड्याच जागेवर आहे. पण हॉलच्या मधोमध किंवा गॅलरीच्या बाहेर आलेल्या भागावर तर विषयच नको. ज्या भिंतीवर किंवा बीमवर स्लॅब टेकलाय तिला लागून, लांब बाजू भिंतीकडे, हा एकच विचार करण्यासारखा पर्याय. तोही सिव्हिल इंजिनिअरला छताची खालची बाजू दाखवून. गौंडी 'काही होत नाही' म्हणाला एवढ्यावर नको. व्हरांडा असताना मी वर जाणार नाही. फक्त व्हरांड्यातल्या टाईल आधी नाण्याने वाजवून बघा, पोकळ वाजली तर पायाखाली फुटते. आणि थेट ऊन येत असेल तर शेवाळ आवरणार नाही.

---

उलटा_पाईप

संपावर लिहितो. (आपल्याकडे संप म्हटलं की अंगणातली जमिनीखालची टाकी डोळ्यासमोर येते. काचेचं काम करणाऱ्याला नीट समजावून सांगा, नाहीतर तो माप ऐकून हसेल.)

खानापूरकरांच्या चौकटीत पुढे मधला पाय आहे, म्हणजे समोरचे दोन दरवाजे प्रत्येकी तीस इंचांचे. त्यातून मोठा संप आत जात नाही. स्टँड तयार झाल्यावर हे लक्षात येतं आणि मग कोणीतरी मधला पाय कापतो! संप बाजूने सरकवा: बाजूची फट साडेवीस इंच मिळते. ४२ × १६ × १६ इंचांचा संप आरामात जातो आणि वर आठ इंच हात घालायला उरतात. फक्त त्या एका बाजूचा प्लाय गोंद न लावता नुसत्या स्क्रूवर ठेवा.

आता लाईट जाण्याचं गणित. पंप बंद पडला की वरचं पाणी परतीच्या (पंपातून वर टाकीत जाणाऱ्या) पाईपमधून उलटं संपात येतं, जोपर्यंत पाईपचं तोंड हवेत उघडं पडत नाही तोपर्यंत. तुमच्या टाकीत एक इंच पाणी म्हणजे जवळपास २७ लिटर. पाईपचं तोंड सहा इंच खाली बुडवलं असेल तर १६० लिटर खाली येतील आणि फरशीवर जातील. तोंड पाण्याच्या पातळीखाली एक इंचच ठेवा, ओव्हरफ्लोच्या काठावरून ओघळणारं मिळून चाळीस लिटर धरा. संप नऊ इंच भरून चालवला तर वर सत्तर लिटर जागा मोकळी राहते. पाईपला वर बारीक भोक पाडून सायफन तोडण्याची युक्ती सगळे सांगतात. भोक शेवाळाने बुजतं. नॉन-रिटर्न व्हॉल्व्हमध्ये गोगलगाय किंवा वाळूचा खडा अडकला की तोही तसाच. टाकी भरल्यावर पहिलं काम: मुद्दाम स्विच बंद करा आणि संप कुठपर्यंत भरतो तिथे मार्करने रेघ मारा.

पंप: टाकीचं पाणी तासाला पाच वेळा फिरलं पाहिजे, म्हणजे प्रत्यक्षात ३००० लिटर. डब्यावरचा आकडा शून्य उंचीचा असतो. साडेतीन मीटर हेड (पाणी चढवण्याची कमाल उंची) असलेला ५००० लिटरचा पंप तुमच्या उंचीला कोपरे धरून तीन हजाराच्या आसपास देईल. खाली येणारा पाईप दीड इंची आणि शेजारी तसाच दुसरा, तोंड थोडं वर ठेवून, राखीव. पहिल्यात पान किंवा मासा अडकला की दुसरा वाचवतो. काचेला भोकं साध्या काचेतच पडतात. टफन्ड घेतली तर भोक पाडताना पूर्ण काच चुरा होते.

संपातला क्रम: आधी पॉलिएस्टर फिल्टर वूल, मग जाड स्पंज, मग सिरॅमिक रिंग १५ लिटर तरी, शेवटी पंप. ऑस्कर घाण करणारा मासा, वूल तीन-चार दिवसांनी धुवावं लागेल. रिंगा मात्र नळाच्या पाण्याने धुऊ नका, क्लोरीनने त्यातले जिवाणू मरतात. टाकीतल्याच काढलेल्या पाण्यात हलवा. जांभ्या दगडाचे तुकडे 'लाव्हा रॉक' म्हणून घालायची आयडिया कोणी दिली तर नको म्हणा, लाल गाळ सुटत राहतो.

बाष्पीभवनाने पातळी वरच्या टाकीत कमी होत नाही, फक्त पंपाच्या कप्प्यात होते. उन्हाळ्यात रोज बघा, पंप कोरडा चालला की जळतो. वायर स्विचकडे जाताना आधी खाली झोका घेऊन मग वर न्या, म्हणजे ओघळ सॉकेटमध्ये जाणार नाही. सर्किटला ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (वीज गळली की लगेच पुरवठा तोडणारा स्विच) हवीच.

---

हायपो_बाटली

पाण्यावर. आपल्या बेळगाव शहराला पाणी राकसकोप आणि हिडकल अशा दोन ठिकाणांहून येतं. ते साधारण मऊ असतं, पण क्लोरीन असतो आणि पावसाच्या सुरुवातीला गढूळपणा वाढला की डोसही वाढू शकतो. पिण्याच्या पाण्यात नळापाशी किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन राहावा असा नियमच आहे. माशाच्या कल्ल्यांना तेवढाही त्रास देतो. सिंटेक्समध्ये दोन-तीन दिवस राहिलेल्या पाण्यातून तो बराच उडतो, पण झाकण घट्ट असेल तर भरवसा नाही.

सोडियम थायोसल्फेट (हायपो) १०० ग्रॅम एक लिटर पाण्यात विरघळवून ठेवा. लिटरला १ मिलिग्रॅम क्लोरीन धरला तरी २०० लिटरच्या ड्रमला या द्रावणाचे १५ मिलिलिटर पुरतात. दर आठवड्याला पाव पाणी बदलायचं तर एक ड्रम बास.

आरओ नको. त्या पाण्यात क्षारधर्म जवळपास शून्य, म्हणून ऑस्करच्या घाणीने तयार होणारं आम्ल पेलायला काहीच उरत नाही आणि पीएच एका रात्रीत घसरतो. वर एक लिटरमागे दोन-तीन लिटर वाया. ६२० टीडीएस ऑस्करला चालतो. कॉर्पोरेशनचं आणि बोअरचं निम्मं-निम्मं मिसळलं की बहुधा प्रश्नच मिटतो. फक्त प्रमाण दर वेळी तेच ठेवा. एका आठवड्यात सगळी बोअर, दुसऱ्यात सगळा नळ, असं केलं तर मासे आजारी पडतात.

बोअरची एक चाचणी मात्र कराच: नायट्रेट. आजूबाजूला ऊस आणि खत असेल तर ते आधीच जास्त असू शकतं, आणि मग पाणी बदलून नायट्रेट कमी होणारच नाही. पिण्यासाठी मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम. तुमची बोअर त्याच्या जवळ असेल तर ती सोडून द्या. बोअरचं ताजं पाणी थेट ओतूही नका. त्यात प्राणवायू कमी आणि कार्बन डायऑक्साईड जास्त असतो; ड्रममध्ये रात्रभर एअर पंप लावा. तांबूस झालं तर लोह आहे, खाली बसू द्या आणि वरचं घ्या.

थंडीत इथे रात्री १३-१४ अंशांपर्यंत जातं. ३०० वॅटचे दोन हीटर संपात ठेवा, एक बिघडला तरी दुसरा सांभाळतो.

---

शहापूर_ऑस्कर

व्हरांडा ठरला, घरी समजावतो. मासे कधी सोडू? एकाने सांगितलं कल्हईवाल्याकडचा नवसागर टाकून पाणी 'पिकवायचं'. खरं आहे का?

---

हायपो_बाटली

होय की, नवसागर म्हणजे अमोनियम क्लोराईडच. त्यातल्या अमोनियावर फिल्टरमधले जिवाणू वाढतात, तेच 'पिकवणं'. पण कल्हईच्या नवसागरात काय मिसळलंय ते सांगता येत नाही. लॅब केमिकलच्या दुकानातून शुद्ध घ्या. टाकी आणि संप मिळून ६९० लिटरला चार-साडेचार ग्रॅम टाकलं की अमोनिया लिटरला २ मिलिग्रॅम होतो. मासे नसताना टाका, आणि थेंबाच्या किटने मोजत राहा. अमोनिया उतरला की नायट्राईट चढतो, तोही शून्य झाला पाहिजे. २ मिलिग्रॅम टाकल्यावर २४ तासांत दोन्ही शून्य, असं सलग दोन-तीन वेळा झालं की फिल्टर तयार. चार ते सहा आठवडे लागतात, डिसेंबरात हीटर नसेल तर जास्त. मध्येच पीएच सहाच्या जवळ आला तर काम थांबतं. खायचा सोडा २० ग्रॅम विरघळवून घातला की क्षारधर्म साधारण एक अंशाने (किटवरचा dKH) वाढतो.

बोअरचं पाणी जास्त मिसळणार असाल तर एक लक्षात ठेवा: २५ अंशांना पीएच ७ वर अमोनियाचा विषारी भाग अर्धा टक्का असतो, ८ वर पाच टक्के. आकडा तोच, विष दहापट. किटचा रंग थोडासाही हिरवट दिसला तर मासे सोडू नका.

---

खानापूर_लाकूडकाम

टाकी येण्याआधी संप आत ठेवून बघा आणि मगच बाजूचा प्लाय लावा. मागच्या पत्त्यात पाईपची भोकं पायापासून चार इंच लांब. वर-खाली एकेक जाळी ठेवा, नाहीतर जुलैत आत बुरशी धरते.