फिलिपिन्समधल्या प्रांतिक नेत्याची कारकीर्द कशी वाचायची?

कृष्णाकाठ (सांगली)
राज्यशास्त्राच्या लघुप्रबंधासाठी आपल्या जिल्हा परिषदेचा अध्यक्ष आणि फिलिपिन्समधल्या प्रांताचा गव्हर्नर अशी तुलना घेतली आहे. नमुन्याला बातांगास प्रांताचे हर्मिलांदो मांदानास. त्यांचा तक्ता असा: १९९५ ते २००४ गव्हर्नर, २००४ ते २०१३ खासदार, २०१६ ते २०२५ पुन्हा गव्हर्नर आणि २०२५ ला व्हाइस गव्हर्नर. दर नऊ वर्षांनी माणूस जागा का बदलतो? शेवटी खाली उतरला म्हणजे पक्षाने डावललं असं लिहायचं का? आणि गव्हर्नरच्या हातात पैसा नेमका किती असतो?

गट-गण
डावललं वगैरे अजिबात लिहू नका, मार्गदर्शक पहिल्याच वाचनात खोडतील. हा सगळा कायद्याचा हिशोब आहे.

१९८७ च्या राज्यघटनेत स्थानिक पदांची मुदत तीन वर्षं आहे, आणि एकाच पदावर सलग तीन मुदतींपेक्षा जास्त राहता येत नाही. मध्येच राजीनामा टाकून साखळी तोडली म्हणावं, तर स्वेच्छेने सोडलेलं पद खंड धरलं जात नाही, हेही तिथेच लिहिलंय. प्रतिनिधिगृहाच्या खासदाराला हीच अट आहे. पण बंदी त्या त्या पदापुरती. म्हणून नववं वर्ष संपलं की गव्हर्नर खासदारकीला उभा राहतो, महापौर गव्हर्नरकीला, आणि एक मुदत मध्ये गेली की जुनं पद पुन्हा मोकळं. बातांगासमध्येच दुसरं उदाहरण आहे. अभिनेत्री विल्मा सांतोस १९९८ ते २००७ लिपा शहराच्या महापौर, २००७ ते २०१६ गव्हर्नर, २०१६ ते २०२२ खासदार आणि २०२५ ला परत गव्हर्नर. दोघांचे तक्ते शेजारी ठेवा, जागा कोण कुणासाठी कधी मोकळी करतो ते आपोआप दिसेल.

व्हाइस गव्हर्नर म्हणजे आपल्या उपाध्यक्षासारखं शोभेचं पद समजू नका. त्याची निवडणूक वेगळी होते, मतपत्रिकेवर त्याचं नाव वेगळं असतं, त्यामुळे गव्हर्नर एका गटाचा आणि व्हाइस दुसऱ्या गटाचा असं सर्रास घडतं. २०२५ मध्ये नेमकं तेच झालं. गव्हर्नर विल्मा सांतोस निवडून आल्या, पण त्यांचा मुलगा लुइस मांझानो व्हाइस गव्हर्नरपदाला मांदानास यांच्याकडून पडला. व्हाइस गव्हर्नर प्रांतिक मंडळाचा अध्यक्ष असतो, आणि अंदाजपत्रक त्याच मंडळातून जातं. मंडळाने केलेला ठराव गव्हर्नर १५ दिवसांत नकाराधिकाराने परत पाठवू शकतो, मंडळ दोन-तृतीयांश मतांनी तो तरीही लागू करू शकतं. गव्हर्नरचं पद मध्येच कायमचं रिकामं झालं तर व्हाइस तिथे आपोआप बसतो, पोटनिवडणूक होत नाही.

जुना लेखाशाखेतला
पैशाचं सांगतो.

१९९१ च्या स्थानिक शासन संहितेप्रमाणे (कायदा क्र. ७१६०) राष्ट्रीय करातला ४० टक्के वाटा स्थानिक संस्थांना जातो. त्या वाट्याचे भाग असे: प्रांत २३, शहरं २३, नगरपालिका ३४, बारांगाय २० टक्के. बारांगाय म्हणजे आपल्या ग्रामपंचायतीच्या पातळीचं सर्वांत खालचं एकक. प्रांतांच्या २३ टक्क्यांतलं निम्मं लोकसंख्येवर, २५ टक्के क्षेत्रफळावर आणि उरलेले २५ टक्के सर्वांना समान.

दोन ठिकाणी हमखास चुकतं. एक, हिशोबाला चालू वर्षाची वसुली घेत नाहीत, तीन वर्षं आधीची घेतात. २०२२ चा वाटा २०१९ च्या वसुलीवर निघाला. दोन, २०२२ च्या आधीचे आणि नंतरचे आकडे सरळ जोडू नका. आधी फक्त अंतर्गत महसूल खात्याने गोळा केलेला कर धरत, सीमाशुल्क खात्याची वसुली वगळून. ते चूक आहे म्हणून जे न्यायालयात गेले त्यांत तुमचेच मांदानास होते. २०१८ ला निकाल त्यांच्या बाजूने लागला, २०२२ पासून अंमल. तिथे तो निकाल त्यांच्याच नावाने ओळखतात, आणि प्रबंधात तो नसेल तर कारकिर्दीचा अर्धा भाग गेला असं समजा.

हा पैसा हातात आला तरी सगळा मोकळा नाही. वाट्यातला किमान २० टक्के विकासकामांना, अंदाजपत्रकातले किमान ५ टक्के आपत्ती निधीला आणि पगारावर कमाल मर्यादा: पहिल्या तीन उत्पन्न-वर्गांतल्या प्रांतांना ४५ टक्के, खालच्यांना ५५. त्यात प्रांतिक रुग्णालयं चालवायची. मोठा खर्च तिथे जातो.

माणदेशी
मुळात अध्यक्षाशी तुलना लावणंच अवघड आहे. आपला अध्यक्ष सदस्यांतून निवडला जातो, तोही अडीच वर्षांसाठी, पद आरक्षणाच्या चक्रात, आणि कारभाराची किल्ली शासनाने पाठवलेल्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याकडे. गव्हर्नर थेट मतांनी येतो, प्रांताचा प्रशासक तो स्वतः नेमतो, आणि पोलीस दलाने सुचवलेल्या तीन नावांतून जिल्हा पोलीसप्रमुखाच्या तोडीचा अधिकारीही तोच निवडतो. साताऱ्यात अध्यक्षाला एसपी निवडू द्या, मग बघा! तुलना करायचीच तर अध्यक्ष, सीईओ आणि पालकमंत्री तिघे मिळून एका बाजूला ठेवा.

शिडीही वेगळी. आर. आर. आबा जिल्हा परिषदेतून विधानसभेत गेले, आणि एकूणच आपल्याकडे कारखाना, जिल्हा बँक, दूध संघ हे टप्पे असतात. तिथे सहकाराचा हा टप्पाच नाही. निग्रोस ऑक्सिडेंटल हा उसाचा प्रांत आहे, पण सभासदांच्या मतांवर निवडून येणारा चेअरमन तिथे शोधू नका. जोर मोठ्या ऊसमळेवाल्यांचा आणि त्यांच्या संघटनांचा. त्याच प्रांताची राजधानी बाकोलोद स्वतंत्र दर्जाचं शहर आहे, तिथला मतदार गव्हर्नरला मतच देत नाही. मतांची टक्केवारी काढताना अशी शहरं वजा करा.

कृष्णाकाठ (सांगली)
खूप उपयोग झाला. घराणेशाहीला घटनेत बंदी आहे असं वाचलं, मग आई आणि मुलगा एकाच वेळी उभे कसे? आणि तीन मुदती मोजताना अपवाद कोणते?

गट-गण
घटनेत बंदीचं तत्त्व आहे, पण घराणं म्हणजे काय ते कायद्याने ठरवायचं होतं आणि तो सर्वसाधारण कायदा काँग्रेसने (म्हणजे तिथल्या संसदेने) केलाच नाही. का केला नाही ते सभागृहातली आडनावं वाचली की कळतं. बारांगायच्या युवक परिषदेला मात्र २०१६ च्या कायद्याने अट लागली: नात्याच्या दुसऱ्या पायरीपर्यंतचा (आईवडील, आजीआजोबा, भावंडं असा) नातेवाईक त्याच भागात पदावर असेल तर उभं राहता येत नाही.

मुदत मोजताना त्या पदावर निवडून येणं आणि ती मुदत पूर्ण करणं, दोन्ही लागतं. वरचा गेला म्हणून आपोआप बढती मिळाली तर ती मुदत मोजत नाहीत (१९९८ चा निकाल). तात्पुरतं निलंबन झालं तरी खंड पडत नाही (२००९). पुएर्तो प्रिन्सेसा शहराचे महापौर एडवर्ड हेगडॉर्न तीन मुदती संपवून बाहेर पडले, मग २००२ मध्ये त्या वेळच्या महापौराला परत बोलावण्याची निवडणूक झाली, तीत उभे राहून जिंकले, आणि न्यायालयाने ते मान्य केलं, कारण मध्ये दुसरा महापौर बसला होता. तक्त्यात "पद", "कशाने मिळालं" आणि "पूर्ण केली का" असे तीन रकाने वेगळे ठेवा. मुदत ३० जूनला दुपारी १२ वाजता बदलते, तेव्हा निवडणुकीची मे महिन्यातली तारीख पदग्रहणाच्या रकान्यात टाकू नका.