आतड्याला उपास सोसतो, पारणं सोसतं का?

खडूशेठ
सोसायटीच्या ग्रुपवर परत तोच फॉरवर्ड: '२४ तास उपाशी राहा, आतडं नवंकोरं!' अहो, आतड्याचं अस्तर तसंही तीन ते पाच दिवसांत बदलतं. खळग्यांच्या तळाशी बसलेल्या मूळपेशी हे काम रोज करतात. अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठात २०१८ साली दिसलं की २४ तास उपाशी उंदरांच्या या पेशी चरबी जाळू लागतात आणि त्यांची नवं घडवण्याची ताकद वाढते. फॉरवर्ड इथेच संपतो. तिथल्याच ओमर यिलमाझ यांच्या गटाने २०२४ मध्ये 'नेचर' या विज्ञानपत्रिकेत पुढचं सांगितलं: पेशी खऱ्या उधळतात त्या उपास सोडल्यावर. पॉलिअमाइन्स ही पेशींच्या वाढीला लागणारी रसायनं वाढतात, प्रथिनं भराभर बनतात. नेमकं तेव्हाच गाठी रोखणारं एपीसी जनुक बंद पडलं, तर गाठी जास्त होतात. थोडक्यात, आपली 'एकादशी अन् दुप्पट खाशी' सगळ्यात वाईट.

रानवारा
शेठ, शेवटच्या वाक्यात तुम्हीही फॉरवर्डच लिहिलात! ते जनुक संशोधकांनी मुद्दाम, ठरवलेल्या वेळी काढलं होतं. शिवाय उंदराचे २४ तास म्हणजे आपला एक दिवस नव्हे, तेवढ्यात तो चांगलाच वाळतो. आणि एकादशीला आपण उपाशी असतो कधी? सकाळी खिचडी, दुपारी वेफर्स, रात्री रताळ्याचा कीस. मूळपेशींना पत्ताही लागत नसेल.

खडूशेठ
खिचडीचं मान्य. पण मोठ्या आतड्याच्या बहुतेक कर्करोगांत एपीसी बिघडलेलं असतंच, तिथे उंदीर लागत नाही. २०१६ साली भरपूर चरबी खाणाऱ्या उंदरांतही हेच दिसलं: मूळपेशी वाढल्या, गाठीही वाढल्या. ताकद फुकट मिळत नाही.

तळ्याकाठी
दोघांचंही पटलं नाही. पेशी फोफावल्या की रोगच, असं का धरायचं? आईला पोटावर रेडिएशन होतं. सतत विभागणाऱ्या याच पेशी त्यात मरतात. तिसऱ्या आठवड्यात तिच्या पोटात भाताची पेज तेवढी टिकायची, तीही मीठ घालून, दोन-दोन चमचे. तिच्या पेशी उधळल्या असत्या तर मी पेढे वाटले असते. आणि उपासाचं म्हणाल, तर असलाच फॉरवर्ड वाचून तिने विचारलं तेव्हा डॉक्टरांनी साफ नाही म्हटलं.

खडूशेठ
तिथे माझा मुद्दा लागू नाही, खरंय. मी बोलतोय तो गेल्या वर्षी आतड्यातली गाठ, म्हणजे पॉलिप, काढलेला माणूस म्हणून. कडक गुरुवार करायचो, पाण्यावर. रात्री मग पुरीभाजी.

रानवारा
मग हे आधी सांगायचं ना!