शाश्वत ऊर्जेत संशोधन पदवी : आधी विषय ठरवावा की प्रयोगशाळा?

वाफेची_लाइन :

नमस्कार मंडळी. मेकॅनिकलची पदवी घेऊन मला तीन वर्षं झाली. तेव्हापासून एका कारखान्यात बॉयलर आणि वाफेच्या लाइनी सांभाळते. चिमणीतून उष्णता रोज वाया जाताना दिसते आणि ते मनाला लागतं. म्हणून शाश्वत ऊर्जा अभियांत्रिकीत संशोधनातून पदव्युत्तर पदवी करायचं ठरवलंय, पण दोन ठिकाणी अडलेय. आधी संशोधनाची मास्टर्स करावी की थेट पीएच.डी.? आणि विषय कोणता? जो तो म्हणतो, पेरोव्स्काइट (एका खास स्फटिकरचनेचे पदार्थ) सौरघट घे नाहीतर बॅटरी घे. माझं रसायनशास्त्र बेताचंच आहे. उष्णतेवर काम करायला आवडेल, पण तो विषय जुना झालाय का, ही धाकधूक आहे. या वाटेने गेलेल्यांनी खरं काय ते सांगा.

स्फटिक :

उष्णता जुनी झालेली नाही. जगात जी ऊर्जा शेवटी वापरली जाते, तिच्यातली जवळपास निम्मी उष्णता म्हणूनच वापरली जाते, आणि ती बहुतेक अजून कोळसा, तेल, वायू जाळूनच मिळते. तीन वर्षं वाफेवर काढलेली माणसं या विषयाला हवीच आहेत.

माझी पीएच.डी. उष्णता साठवण्यावर झाली. पदार्थ होता सोडियम ॲसिटेट ट्रायहायड्रेट, म्हणजे ५८ अंशांना वितळणारं मीठ. वितळताना किलोमागे साधारण २६० किलोज्यूल उष्णता पोटात घेतं आणि गोठताना परत देतं, असं पुस्तकात लिहिलेलं. माझ्या भांड्यात मात्र ते ५८ ला गोठायचं नावच घेईना. ४० झाले, ३० झाले, तरी पाण्यासारखं पातळ. एका रात्री मी थर्मोकपल, म्हणजे तापमान मोजणारी तार, जरासा वर ओढला. वरच्या कोरड्या भागावर चिकटलेला मिठाचा एक कण खाली पडला आणि तिथून पांढऱ्या सुया चहूबाजूंनी धावत सुटल्या. काच हाताला गरम लागली. स्क्रीनवरचा आकडा २४ वरून बघता बघता ५८ च्या जवळ गेला. साठवलेली उष्णता खोलीच्या तापमानाला गप्प ठेवता येते आणि हवी तेव्हा जागी करता येते, हे वाचलेलं होतं. पण त्या रात्री ते हाताला कळलं, आणि पुढचं सगळं काम त्यातून निघालं.

त्याआधीचे चौदा महिने मात्र एकाच गोष्टीत गेले. आत घातलेली उष्णता आणि बाहेर आलेली उष्णता जुळेना, १७ टक्के गायब. इन्सुलेशन दुप्पट केलं, थर्मोकपल नव्याने कॅलिब्रेट केले, फरक शून्य. शेवटी बादली, वजनकाटा आणि स्टॉपवॉच घेऊन पाण्याचा प्रवाह स्वतः मोजला. फ्लोमीटरच कमी प्रवाहाला चुकत होता! संशोधन पदवी तुम्हाला काय शिकवते असं कुणी विचारलं, तर मी ती बादली दाखवीन.

म्हणून विषयाच्या आधी प्रयोगशाळा बघा. मार्गदर्शकांशी बोलून झालं की तिथल्या विद्यार्थ्यांना एकटं गाठा. रिग (प्रयोगाची मांडणी) उभा राहायला किती दिवस लागले, उपकरण बिघडलं तर दुरुस्त कोण करतं, याआधीचा विद्यार्थी किती वर्षांनी बाहेर पडला, हे विचारा. माझ्या पहिल्या मार्गदर्शकांनी वर्षभरात माझा एकही आलेख नीट पाहिला नाही. मार्गदर्शक बदलण्यात सहा महिने गेले, पण ते गेले नसते तर पदवीच गेली असती.

पातळ_थर :

मी पेरोव्स्काइटवाली, त्यामुळे त्या बाजूचं सांगते. २००९ मध्ये जपानी शास्त्रज्ञ मियासाकांच्या गटाने पहिला घट केला तेव्हा कार्यक्षमता ३.८ टक्के होती, आता ती २५ च्या पुढे गेली आहे. त्या आकड्याला भुलून खूप जण येतात. पण खरा प्रश्न टिकाऊपणाचा आहे. सौर पॅनेलसाठीची एक नेहमीची चाचणी ८५ अंश तापमान आणि ८५ टक्के आर्द्रतेत १००० तास चालते, म्हणजे जवळपास ४२ दिवस. माझी एक बॅच ३६व्या दिवशी कडेने पिवळी पडू लागली. सीलमधून ओल शिरली होती. पुन्हा नवे घट, पुन्हा ४२ दिवस. ज्याला ग्लोव्हबॉक्समध्ये, म्हणजे हातमोजे जोडलेल्या बंद पेटीत, हात घालून दिवस काढायला आवडतं त्याने जरूर यावं. 'वाव आहे' एवढ्यासाठी मात्र येऊ नका.

स्फटिक :

मास्टर्सचं राहिलं होतं. तुम्ही तीन वर्षं प्रबंधांपासून दूर आहात, तेव्हा आधी मास्टर्स करा. एक रिग, एक प्रश्न, एक प्रबंध. त्यात जीव रमला तर पुढे पीएच.डी. आहेच, आणि काही ठिकाणी मास्टर्सची नोंदणी मध्येच पीएच.डी.त बदलून घेता येते. अर्ज करण्यापूर्वी तो नियम लेखी मागून घ्या.

वाफेची_लाइन :

मनापासून आभार. बादलीचं वाचल्यापासून डोक्यात एकच चालू आहे. आमच्याकडे कंडेन्सेट, म्हणजे वाफ थंड होऊन झालेलं पाणी, किती परत येतो याचा आकडा कुणालाच पटत नाही. उद्या बादली लावूनच बघते. अर्जासोबत दाखवायला स्वतःचं एक मोजमाप तरी हाताशी असेल.

स्फटिक :

जरूर, पण बादलीत आधी थंड पाणी घ्या आणि तिचं वजन करून ठेवा. दाबाखालून आलेला कंडेन्सेट बाहेर पडताच त्यातला काही भाग वाफ होऊन उडतो आणि मोजणीतून निसटतो. थंड पाण्यात पाइपचं तोंड बुडवलं की ती वाफ तिथेच जिरते. हातमोजे आणि चेहऱ्यावर शील्ड हवीच. तीन वेळा मोजा आणि तिन्ही आकडे इथे टाका.